सही नसलेली यादी

४ डिसेंबर

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे न उघडताच फाडायचं तू ठरवलं असशील, तर आधी आईला विचार. ती म्हणाली आहे, "तू लिही, मी त्याला वाचायला लावते." तुझ्याच घरात राहून ती तुला कसं वाचायला लावणार, हे तिचं ती जाणे. लहानपणी लावायची तसा कान धरून लावेल बहुतेक.

मी आता फोन करत नाही. आठ महिने करत होते आणि तू माझा आवाज ऐकला की ठेवून देत होतास. त्यात तुझं काही चुकलं नाही. त्या दिवशी या आवाजाने तुला जे सांगितलं त्यानंतर तो मलाही नकोसा झालाय. पण माझं पोट त्याच्यावरच आहे, त्याला काय करणार? रोज दुपारी एक ते चार, इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या टेलिफोनच्या खोलीत बसायचं, वॉर्डातून आलेली यादी समोर ठेवायची आणि एकेका घरी फोन करून त्यांच्या माणसाची प्रकृती सांगायची. साथ ओसरली म्हणतात. यादी मात्र रोज येते. एप्रिलमध्ये साठ-सत्तर नावं असायची, आता पंधरा-वीस असतात. तरी संध्याकाळी जिन्यात शेजारीण भेटली आणि तिने "काय गं, कशी आहेस?" विचारलं, की माझ्या तोंडून "स्थिर" असंच निघतं. परवा ती हसली. मी नाही हसले, मला कळलंच नव्हतं मी काय बोलले ते.

वहिनीने माझं नाव टकळी ठेवलं होतं, आठवतं? आता घरी गेल्यावर मी दोन शब्द बोलत नाही. खोलीत एक पंखा आणि मी, आणि पंख्याचाच काय तो आवाज.

मुद्द्यावर येते. तू अधीक्षकांकडे तक्रार दिलीस हे मला कचेरीतून कळलं. वाचली मी ती. तुझं अक्षर अजून तसंच आहे, पट्टी लावून काढल्यासारखं. तू लिहिलं आहेस की चौदा नंबरच्या पलंगावरच्या पेशंटची तब्येत बिघडूनसुद्धा वॉर्डातल्या सिस्टरने नातेवाइकांना कळवलं नाही, दुपारी दोनला 'स्थिर' सांगितलं आणि पाचला गेल्याचं सांगितलं. म्हणून त्या सिस्टरवर कारवाई व्हावी.

सतरा तारखेला चौकशी आहे. सिस्टरना वॉर्डातून काढून भांडारात बसवलं आहे, हातमोज्यांची खोकी मोजायला. बावीस वर्षं झाली त्यांना या कामाला. चौकशीत ठपका बसला तर नोकरी जाईल आणि या वयात त्यांना दुसरीकडे कुणी घेणार नाही.

दादा, तक्रार मागे घे. त्या बाई वाईट नाहीत. एप्रिलमध्ये बारा दिवस त्या घरी गेल्या नव्हत्या, मागच्या खोलीत लाकडी बाकावर झोपायच्या. वहिनीचं जे झालं ते कुणाच्याच हातात नव्हतं. मला यादीतून जे आलं ते मी वाचलं, माझ्या हातात तेवढंच होतं.

आई म्हणते वहिनीच्या शिलाई मशीनजवळच्या खुर्चीवर तू कुणाला बसू देत नाहीस, स्वतःही बसत नाहीस, आणि कारखान्यातून आल्यावर समोर जमिनीवर बसून चहा पितोस. गुडघ्यांची काळजी घे.

तुझी,
धाकटी

९ डिसेंबर

दादा,

तुझं उत्तर मिळालं. कारखान्याच्या जॉब कार्डाच्या पाठीमागे एकच ओळ: "यादीत तिच्या नावापुढे काय लिहिलं होतं ते सांग, बाकीचं नको." आठ महिन्यांनंतर भावाचं पहिलं पत्र आणि त्यात माझं नावही नाही. असो. आलं हेच खूप. मी ते दोन दिवस पर्समध्ये घेऊन हिंडले.

काही लिहिलं नव्हतं, दादा. रकाना कोरा होता.

आता तू म्हणशील, मग 'स्थिर' कुठून आलं. सांगते. तुमच्या कारखान्यात जॉब कार्डावर माप भरलेलं नसलं तर तो तुकडा पुढच्या मशीनवर जात नाही, बरोबर? कोरा रकाना म्हणजे काम झालेलं नाही. तूच मला सांगितलं होतंस, आणि मी म्हणाले होते की एवढ्यातेवढ्यासाठी तुकडा अडवणारा तू एकटाच असशील. आमच्याकडे उलटं होतं. कोरा रकाना म्हणजे 'काल होतं तेच'. एप्रिलमध्ये पेशंट इतके वाढले की प्रत्येकापुढे रोज लिहायला सिस्टरांकडे वेळ नव्हता. ज्याच्यात बदल झाला त्याच्यापुढेच लिहायचं आणि इतरांचं कोरं सोडायचं, असं ठरलं. कालची यादी शेजारी ठेवून मी वाचायची. वहिनी आदल्या दिवशी स्थिर होती. म्हणून मी स्थिर म्हणाले.

ही पद्धत होती. सगळे असंच करत होते.

खिडकीबद्दल तुला माहीत आहे, तरी लिहिते. तळमजल्याच्या वॉर्डाला मागच्या गल्लीत एक मोठी काचेची खिडकी आहे. तिच्याबाहेर स्टूल ठेवलेलं असे. ज्याच्यापुढे 'गंभीर' लिहून येई त्याच्या घरच्या एका माणसाला मी बोलावून घ्यायची, गेटवर नाव कळवायची आणि त्या माणसाला दहा मिनिटं काचेपाशी बसता यायचं. आतून सिस्टर फोन पेशंटच्या कानाशी धरायच्या. लोक काय काय बोलायचे. एक आजोबा दहाही मिनिटं बायकोला फक्त घरातल्या झाडांबद्दल सांगत होते, कुठल्याला किती पाणी घातलं ते. एप्रिल महिन्यात मी एकशे दहा जणांना खिडकीवर बोलावलं. तुला नाही बोलावलं.

आता चौकशीत काय होईल ते ऐक. रेकॉर्ड रूममधून त्या महिन्याच्या सगळ्या याद्या काढल्या आहेत आणि प्रत्येक यादीत कोरे रकाने आहेत. साहेब म्हणतात, ही बाई महिनाभर काम टाळत होती. कोरं सोडायची पद्धत कुठेही लिहिलेली नाही. तोंडी ठरलं होतं.

तू अजूनही तक्रार मागे घेऊ शकतोस.

धाकटी

१२ डिसेंबर

दादा,

तुझ्या उत्तराची वाट न पाहता लिहिते आहे. मागचं पत्र पेटीत टाकलं आणि घरी येईपर्यंत माझं मला समजलं की मी ताकाला जाऊन भांडं लपवते आहे. दोन पत्रं लिहिली आणि दोन्हींत 'ठरलं होतं' म्हणून मोकळी झाले. कुणी ठरवलं?

मी ठरवलं. तीन एप्रिलला सकाळी मी वॉर्डाच्या दारापाशी यादी मागायला गेले तेव्हा त्या सिस्टर भिंतीला टेकून उभ्या उभ्या लिहीत होत्या आणि लिहिता लिहिता त्यांचा डोळा लागत होता. पेनाची रेघ कागदावरून खाली घसरत गेलेली मी पाहिली. मी म्हणाले, "सिस्टर, सगळ्यांपुढे कशाला लिहिता? बदल असेल तेवढंच लिहा. बाकीचं मी कालच्यावरून सांगते." त्या म्हणाल्या, "चालेल का गं?" मी म्हणाले, "न चालायला काय झालं." आणि त्यांनी एक अट घातली: "यादी पुरी झाली की खाली मी सही करीन. सही नसेल तर ती यादी वाचू नकोस, खाली ये." मी हो म्हणाले.

तर आता वहिनी गेली तो मंगळवार.

यादी एक वाजता आली, रोजच्यासारखी. वॉर्डातला माणूस टेबलावरून कागद उचलून आणतो, भरलाय की नाही हे तो बघत नाही, ते त्याचं कामही नाही. नऊ ते वीस नंबरचे पलंग त्या सिस्टरांकडे होते. बाराच्या बारा रकाने कोरे होते. इतके कोरे कधीच नसायचे, दोन-चार जणांत तरी बदल असायचाच. आणि खाली सही नव्हती.

मी पाहिलं होतं, दादा. कुणाला वाटेल घाईत नजरेतून सुटलं असेल. सुटलं नव्हतं. सही नाही हे पाहून मी वॉर्डात फोन लावला. आठ वेळा वाजला, कुणी उचलला नाही. खाली जायचं म्हणजे दोन जिने, तो प्लॅस्टिकचा झगा चढवायचा, वॉर्डाच्या दारात उभं राहायचं, परत वर यायचं. अर्धा तास. माझ्याबरोबरची बाई तीन दिवस तापाने घरी होती आणि त्रेसष्ट फोन माझ्या एकटीच्या अंगावर होते. त्यातले पाच जण आदल्या रात्री गेलेले होते, ते पाच फोन मी आधीच केले होते. पाचव्या घरी एका मुलीने फोन उचलला आणि मी बोलून झाल्यावर ती म्हणाली, "थँक यू." मग मला काही सुधरेना. मी खुर्चीत मागे टेकले आणि ठरवलं की आता एक तरी चांगली बातमी सांगायची. एक तरी घर असं पाहिजे जिथे मी बोलले की समोरच्याचा जीव भांड्यात पडेल.

म्हणून तुझा नंबर लावला. यादीत तुझा नंबर पुढे होता, मी मधली नावं सोडून तुझा लावला.

तू विचारलंस, "मी येऊन जाऊ का? लांबून बघून जातो." तुझा ताप नुकताच उतरला होता. मी म्हणाले, "नको रे. उगाच गेटवर ताटकळशील. स्थिर आहे ती. चार दिवसांनी घरीच घेऊन जा, मग बघत बस." तू हसलास. ते हसणं मला रोज ऐकू येतं.

तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. वहिनी गेली पावणेचारला. तुझ्या घरापासून खिडकीपर्यंत पंचवीस मिनिटं लागतात. हा हिशेब तूही केला असशील, तू एक सूतही इकडचं तिकडे होऊ देणारा माणूस नाहीस.

चार वाजता शेवटचा फोन झाल्यावर मी खाली गेले. चौदा नंबरवर नवी चादर घातलेली होती. पाचला डॉक्टरांनी तुला फोन केला तेव्हा मी त्यांच्या मागे उभी होते. मी केला नाही. तेवढाही धीर झाला नाही.

बाकीच्या अकरा जणांच्या बाबतीत माझं 'स्थिर' खरं निघालं. म्हणून कुणी काही विचारलं नाही. मग तुझी तक्रार आली, तिच्यात सिस्टरांचं नाव होतं आणि मला, खोटं कशाला सांगू, हायसं वाटलं. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि चोर टेलिफोनच्या खोलीत बसून लोकांना धीर देतोय. तक्रार मागे घे म्हणून मी तुझ्या मागे लागले ते सिस्टरांसाठी आहे असं मी स्वतःलाही पटवलं होतं. तक्रार मागे गेली असती तर मला कधीच काही बोलावं लागलं नसतं.

आता मागे घेऊ नकोस. सतरा तारखेला मी जाते.

१८ डिसेंबर

दादा,

काल चौकशी झाली. तुला बोलावणं होतं हे मला ठाऊक आहे, तू आला नाहीस. तुझ्यासाठी मांडलेली खुर्ची शेवटपर्यंत तशीच होती. मी आधी दाराकडे बघत होते, नंतर बघणं सोडलं.

तीन साहेब होते. मी उठून सांगितलं की कोरे रकाने सोडायचं मी सुचवलं, सही नसलेली यादी वाचायची नाही हे मला माहीत होतं, आणि ती मी वाचली. एक साहेब म्हणाले, "बाई, तुम्हाला हे आत्ता आठवलं?" मी म्हणाले, "आठवत रोजच होतं, साहेब." त्यांनी ते लिहून घेतलं. दुसरे म्हणाले, "पेशंट तुमच्या नात्यातली होती असं दिसतं." मी म्हणाले, "माझी वहिनी. मी पाच वर्षांची असताना ती घरात आली. माझी पहिली पाटी-पेन्सिल तिने आणली." ते त्यांनी लिहून घेतलं नाही.

सिस्टर सोमवारपासून वॉर्डात परत जातील. मला टेलिफोनवरून काढलं आहे. पुढचा निर्णय होईपर्यंत रेकॉर्ड रूममध्ये बसायचं, जुने कागद लावायचे. लोकांची माझ्या आवाजातून सुटका झाली. मी सकाळपासून तिथे बसले आहे, हे तिथूनच लिहिते. इथे कुणी बोलत नाही, धुळीने शिंका तेवढ्या येतात. फार दमले आहे, दादा. सांगून टाकलं की हलकं वाटतं म्हणतात. मला नुसती झोप येते आहे.

पण हे पत्र त्यासाठी नाही. काल बाहेर आल्यावर सिस्टर माझ्यासाठी जिन्यात थांबल्या होत्या. मला वाटलं, आता बोलणार मला. बोलायलाच पाहिजे होतं. त्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "बस गं जरा. पाय दुखतात."

मी बसले. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी यादी का भरली नाही, हे कुणी विचारलंच नाही मला. वेळ नव्हता असं त्यांनीच धरलं, मीही हो म्हणाले."

मी म्हणाले, "मग का नाही भरली?"

"अगं, तुझी वहिनी होती ना. साडेबाराला तिचा श्वास लागला. डॉक्टर येऊन गेले, सगळं लावून झालं. मग करण्यासारखं काही उरलं नाही. तिने माझी बाही धरली ती सोडीचना. बाकीचे अकरा बरे होते, एकेकाकडे जाऊन पाहून यायची, परत येऊन बसायची. आली की ती परत बाही धरायची. टेबल पलीकडच्या टोकाला, त्यावर कागद. मी म्हटलं राहू दे, सही दिसली नाही की ही वरून खाली येईल. तू आलीस की तुझ्या भावाला खिडकीवर बोलवायला सांगणार होते. स्टूलसुद्धा पुसून घेतलं होतं. मी दाराकडे बघत होते."

दादा, ती बाई तीन तास वहिनीजवळ होती. रकाना कोरा होता तो त्यामुळे. आपण तिच्यावर तक्रार केली. आपण म्हणते आहे, कारण गप्प बसून मीही तीच केली.

वॉर्डातला फोन वाजलेला त्यांना ऐकू आला होता. टेबलापर्यंत जायला हवं होतं, पण तेव्हा बाही सोडवून घेणं त्यांच्याच्याने झालं नाही. "तो फोन मी का उचलला नाही, हे मीही आठ महिने स्वतःला विचारते," असं त्या म्हणाल्या.

मी विचारलं, ती काही बोलली का? म्हणाल्या, "बोलली की. श्वास घेत घेत, एकेक शब्द. आधी माझ्या झग्याकडे बघत होती. बाहीची शिवण उसवली होती, मी तिला चिकटपट्टी लावली होती. तिच्यावर बोट फिरवून म्हणाली, दुहेरी टीप घालायला हवी होती. मला हसूच आलं. मग निरोप सांगितला, ह्यांना सांगा म्हणाली. आणि नंतर मी पडले आजारी, दीड महिना. उठले तर तक्रार आलेली. नातेवाइकांशी बोलायचं नाही असं लेखी दिलं हातात. निरोप राहूनच गेला गं माझ्याकडे."

मला वाटलं होतं काहीतरी मोठं असेल. काय असेल याची मला भीतीही वाटली. खिडकीचं विचारलं असेल, तू का येत नाहीस असं विचारलं असेल. तसं काही नव्हतं. निरोप एवढासाच निघाला म्हणून मी जिन्यात रडले, आणि सिस्टर पाय चोळत बसल्या होत्या.

दादा, तू मला माफ कर असं मी लिहिणार नाही. तो रकाना तुझा आहे, कोरा ठेवलास तरी मी त्याचा सोयीचा अर्थ लावणार नाही. पण निरोप पोचवणं हे माझं काम होतं, आणि हा एक माझ्याकडून शेवटचा. आठ महिने उशीर झाला आहे. तिच्याच शब्दांत लिहिते, मी काही घातलेलं नाही:

"ह्यांना सांगा, मशीनजवळच्या खुर्चीच्या उशीत मी सुई टोचून ठेवली आहे. घाईत निघाले, काढायची राहिली. बसताना बघून बसा म्हणावं."

तू त्या खुर्चीवर कुणाला बसू दिलेलं नाहीस. म्हणजे ती अजून तिथेच असेल. हळूच काढ.

टकळी